बोटीचा लिव्हर जड होतो तेव्हा

डिसेंबरातला एक रविवार. आम्ही घरची पाच माणसे, त्यांत दोन लहान मुले, भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहून परत येत होतो. बोट आमच्या खालांच्या मुलाची. काठ दीडशे-दोनशे फुटांवर आला तसा वेग कमी करण्यासाठी त्याने लिव्हर मागे ओढला. लिव्हर हलला नाही. त्याने दुसरा हात लावला, पाय टेकवून ओढले, तरी नाही. इंजिन त्याच जोरात चालू, समोर चिखलाचा काठ आणि काठाला बांधलेल्या दोन होड्या. अगदी शेवटी त्याला इंजिनच्या खटक्याला अडकवलेली लाल दोरी आठवली. ती त्याने उपटली. इंजिन बंद पडले, बोट तशीच घसरत गेली आणि चिखलात रुतली. मुले पुढे आपटली, एकाचा ओठ फुटला. याहून जास्त काही झाले नाही, अल्लाहचे आभार.

काठावर उतरल्यावर आम्ही त्याला विचारले, "हे आजच झालं का?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही आपा. महिनाभर जड जातोय. पण तेल सोडलं की दोन दिवस बरा चालतो."

महिनाभर! या महिन्यात त्याने रोज माणसे नेली होती, आणि पुढच्या पंधरवड्यात आमच्या आठवीच्या वर्गाला पक्षी दाखवायला आम्ही याच बोटीतून नेणार होतो. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत आम्ही जे पाहिले आणि शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आमच्या वाचकांत रत्नागिरी, हर्णै, श्रीवर्धनकडची अशी घरे आहेत, ज्यांचा चरितार्थच बोटीवर चालतो. त्यांना यातले बरेच ठाऊक असेल. पण उजनीसारख्या धरणांच्या काठी बोट ही गोष्ट नवी आहे, आणि तिथल्या घरांना हे कुणी सांगितलेले नसते.

पाणी आले, बोटी आल्या

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी. पाणी मागे भिगवणच्याही पुढे पसरते. इंदापूर, करमाळा, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या कितीतरी गावांची शिवारे त्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि म्हातारी माणसे बोट दाखवून सांगतात, इथे आमची वेस होती, इथे विहीर. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले काही मासेमारीकडे वळले. पुढे पक्षी बघायला लोक येऊ लागले, तशी होडीवाल्यांना हिवाळ्यातली चार महिन्यांची कमाई मिळाली.

बहुतेक होड्यांना वल्ही असतात, किंवा मागे लटकवलेले लहान इंजिन. त्याची मूठ हातात धरूनच चालक बसतो. आमच्या खालाजाद भावाने मात्र कर्ज काढून कोकणातली एक जुनी फायबरची बोट विकत घेतली. तिला पुढे बैठक, स्टिअरिंग आणि उजव्या हाताला लिव्हर. लिव्हर पुढे ढकलला की गिअर पडतो आणि आणखी ढकलला की रेस वाढते. मागे ओढला की उलटा गिअर. मध्ये न्यूट्रल. लिव्हरपासून मागच्या इंजिनपर्यंत दोन केबली जातात, एक गिअरची आणि एक रेसची. आमची गोष्ट या रेसच्या केबलची आहे.

भाईजानचा धडा

आमचे थोरले भाऊ बारामती एमआयडीसीत फिटर आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनतात, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही बनते. त्यामुळे इथल्या गल्लीगल्लीत क्लच वायर, ब्रेक वायर, रेसची वायर हे शब्द पोरांच्याही तोंडी असतात. भाईजानच्या लहानशा वर्कशॉपमध्ये अशा वायरींची वेटोळी भिंतीवर टांगलेली आहेत. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही खालांच्या मुलाला घेऊन तिथे गेलो. त्याची एकच विनंती होती, "भाईजान, यातलीच एक जाड वायर घालून द्या. हंगाम चालू आहे, शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं ठरलीत, हप्ता भरायचाय."

भाईजानने वायरचा एक हातभर तुकडा कापला आणि त्याच्या हातात दिला. "एक टोक मी धरतो. तू ओढ." त्याने ओढले, भाईजानचा हात पुढे आला. "आता ढकल." त्याने ढकलली, तशी वायर मधेच वाकून कमान झाली आणि भाईजानचा हात जागचा हलला नाही.

मग त्यांनी समजावून सांगितले. सायकलच्या ब्रेकपासून स्कूटरच्या क्लचपर्यंत जी केबल असते तिला बाउडेन केबल म्हणतात. बाउडेन नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले. आत तारांचा पीळ, बाहेर स्प्रिंगसारखे गुंडाळलेले पोलादी कवच. कवचाची लांबी बदलत नाही, म्हणून केबल कशीही वळवली तरी आतली तार एका टोकाला ओढली की दुसऱ्या टोकालाही तेवढीच सरकते. पण ही तार फक्त ओढू शकते. मूठ सोडली की रेस कमी होते, ती पलीकडची स्प्रिंग तार परत खेचते म्हणून. जुन्या चेतक स्कूटरच्या डाव्या मुठीत गिअर असायचे, ते वाचकांना आठवत असतील. त्या गिअरला दोन केबली असत. एक वरच्या बाजूला ओढायची, दुसरी खालच्या. कारण एकच केबल ओढणे आणि ढकलणे दोन्ही करू शकत नव्हती.

बोटीच्या लिव्हरची केबल मात्र ही दोन्ही कामे एकटी करते. तिची आतली तार जाड आणि ताठ असते, तिच्याभोवती प्लास्टिकचे अस्तर, त्यावर पोलादी तारांचे कवच आणि सर्वांत वर पुन्हा प्लास्टिकचे आवरण. आतली तार अस्तरात इतकी घट्ट बसते की ढकलली तरी तिला वाकायला जागाच नसते.

"आता नीट ऐक," भाईजान म्हणाले. "स्कूटरवर मूठ सोडली की रेस आपोआप उतरते. बोटीत लिव्हर जिथे सोडशील तिथेच राहतो. तो अडकला तर रेसही तिथेच अडकली. आणि गिअरही त्याच लिव्हरवर, म्हणजे न्यूट्रलला यायचं तरी वाट तीच, जी बंद झालीय. तुझ्या हातात फक्त ती लाल दोरी उरते."

रिक्षाची वायर घालण्याचा विषय तिथेच संपला.

तेल सोडल्याने काय होते

खालांच्या मुलाने महिनाभर काय केले होते? केबल जड झाली की टोकाशी तेलाची पिचकारी मारायची आणि लिव्हर दहा-वीस वेळा मागे-पुढे करायचा. केबल सैल व्हायची, त्याला वाटायचे काम झाले. चार दिवसांनी ती आधीपेक्षा जड.

यामागचे कारण साधे आहे. चांगली केबल कारखान्यातून येतानाच आतून वंगण घालून बंद केलेली असते. तिला वरून तेल लागत नाही. ती जड होते याचा अर्थ टोकाच्या सीलमधून किंवा आवरणाच्या भेगेतून पाणी आत गेले आहे आणि पोलाद गंजू लागले आहे. गंजलेले पोलाद फुगते, अस्तराला आतून दाबते. टोकाशी टाकलेले तेल त्या जागेपर्यंत पोहोचत नाही. जेवढे पोहोचते त्यावर धूळ बसते आणि काही तेलांनी तर प्लास्टिकचे अस्तरच फुगते. भाईजान त्याला म्हणाले, "दुखणं हाडात आहे आणि तू वरून मालिश करतोयस."

आमच्या बोटीचा पूर्वीचा मुक्काम समुद्रावर होता. खारे पाणी या केबलीत तिथेच शिरले असणार. बोट विकत घेताना रंग पाहिला, इंजिन चालू करून पाहिले, कागद पाहिले. केबलीची टोके कुणी पाहिली नाहीत.

दोष कुठे आहे, हे कसे शोधायचे

मंगळवारी संध्याकाळी भाईजान पाने आणि पक्कड घेऊन भिगवणला आले. लिव्हर जड होण्याची तीन ठिकाणे असू शकतात. लिव्हरची पेटी, केबल, किंवा इंजिनवरचे सांधे. केबल बदलली आणि दोष पेटीत निघाला तर पैसे पाण्यात. म्हणून एकेक टोक सोडवत जायचे. त्यांनी केले ते असे.

सर्वांत आधी किल्ली काढून खिशात ठेवली आणि लाल दोरीही काढली. इंजिन चुकूनही चालू होता कामा नये. मग सगळ्या जोडांचे मोबाइलवर फोटो घेतले, म्हणजे कुठला वॉशर कुठे होता याचा वाद नको.

नंतर इंजिनच्या बाजूला रेसच्या केबलची स्प्लिट पिन काढून टोक मोकळे केले आणि इंजिनवरचा रेसचा दांडा हाताने हलवून पाहिला. तो एका बोटाने हलला. म्हणजे इंजिनकडे दोष नाही. तोच जड निघाला असता, तर सांध्यांमधले वाळलेले ग्रीस पुसून नवे लावल्यावर काम भागले असते.

मग पुढे येऊन लिव्हर हलवला. अजून जडच. म्हणजे दोष केबलीत किंवा पेटीत. पेटी उघडून केबलचे दुसरे टोकही सोडवले. आता लिव्हर एकटा, केबल एकटी. लिव्हर हलका चालला. बऱ्याच पेट्यांत लिव्हर किती घट्ट असावा हे ठरवणारा एक स्क्रू असतो. कधी कधी तो कुणी जास्त आवळलेला असतो आणि दोष केबलवर जातो. इथे तसे नव्हते. शेवटी दोन्ही टोकांनी मोकळी झालेली केबल हाताने ढकलून पाहिली. ती दात-ओठ खाऊन ढकलावी लागली. दोषी सापडला.

कंदिलासारखा बल्ब धरून आम्ही तिच्यावरून बोटे फिरवली. इंजिनपासून वीतभर अंतरावर आवरण फुगलेले होते, त्यावर बारीक चीर आणि चिरेतून तांबूस गंज. महिनाभर रोज डोळ्यासमोर होते ते, फक्त इंजिनचे झाकण उघडून बघायला हवे होते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. गिअरची केबल तपासताना, इंजिन बंद असले की काही इंजिनांत गिअर जोर लावूनही पडत नाही. तेव्हा केबलला दोष देऊ नये आणि लिव्हरवर ताकदही लावू नये. किल्ली आणि लाल दोरी काढलेली आहे याची खात्री करून एकाने मागचा पंखा हाताने हळूहळू फिरवावा, दुसऱ्याने लिव्हर सरकवावा. दात जुळले की गिअर पडतो.

नवी केबल घालताना

अशी केबल दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. लांबी बहुधा जुन्या केबलच्या आवरणावरच फुटांत छापलेली असते. आमची बारा फुटी होती. लांबी तीच घ्यावी. तोकडी घेतली तर ताण पडतो, फार लांब घेतली तर उगाच वळणे वाढतात. मुंबईहून केबल यायला आठ दिवस लागले. भाईजानने रेसच्या केबलसोबत गिअरचीही मागवायला लावली. दोघींचे वय एक, दोघींनी पाणी एकच प्यायलेले, मग एक गेली तर दुसरीची खात्री कोण देणार?

या आठ दिवसांत घरात बरीच धुसफूस झाली. खाला आमच्यावर रागावल्या. "इतकी वर्षं लोक पाण्यावर होड्या घालतात. एका तारेपायी पोराचा हंगाम बुडवता?" त्यांचे दुःख खोटे नव्हते. हप्ता थांबत नाही. आम्ही घरातल्या सगळ्यांनी थोडे थोडे करून त्या महिन्याचा हप्ता उचलला. बोट मात्र काठावरच राहिली.

केबल आल्यावर भाईजानने जुन्या केबलच्या टोकाला एक मजबूत दोरी बांधली आणि जुनी केबल इंजिनच्या बाजूने ओढून काढली. तिच्या मागोमाग दोरी बोटीच्या आतल्या वाटेने ओवली गेली. त्याच दोरीला नवी केबल बांधून परत खेचली. नाहीतर फळ्या उघडण्यात दिवस गेला असता.

वळणांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. खुंटीला दोरीचा एक वेढा दिला तर ती ओढता येते, दोन दिल्यावर जड जाते, चार दिले तर बैलही थांबतो. केबलचेही तसेच आहे. एक वळण मोठे की चार लहान, घर्षण वळणांच्या बेरजेवर वाढते. म्हणून वळणे कमीत कमी हवीत, सगळी मिळून पाऊण वेढ्याच्या आत. आणि एकही वळण अरुंद नको. नेहमीच्या जातीच्या केबलला वळणाची त्रिज्या निदान आठ इंच, म्हणजे साधारण एक वीत हवी. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तिला आवळून टाकू नये. इंजिन वळते तेव्हा केबललाही त्याच्याबरोबर हलायला जागा लागते, म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे.

जोडताना लिव्हर न्यूट्रलला आणि इंजिनचा गिअरही न्यूट्रलला ठेवला. केबलच्या टोकाचा तुकडा आट्यांवर पुरेसा आत फिरवला. दोन-तीन आट्यांवर लटकलेले टोक निसटते. मग चेकनट आवळला आणि नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडावी. लिव्हर न्यूट्रलला आणल्यावर रेसचा दांडा आपल्या आधाराला पूर्ण टेकतो का, आणि लिव्हर पूर्ण पुढे नेल्यावर रेस पूर्ण उघडते का, हे दोन्ही पाहिले. मग बोट काठाला बांधून इंजिन चालवले. त्यानंतरच ती पाण्यावर गेली, तीही प्रथम रिकामी.

खालांच्या मुलाने लिव्हर मागे-पुढे केला. मग एकाच बोटाने केला. काही वेळ तो बोललाच नाही. नंतर म्हणाला, "आपा, मला वाटायचं हा असाच असतो."

वारा सुटतो तेव्हा

उजनीच्या काठी राहणाऱ्या कुणालाही २१ मे २०२४ ची संध्याकाळ विसरता येणार नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. त्या अपघाताचे कारण वादळ होते, केबल नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. पण त्या दिवसाने आम्हा सगळ्यांना या पाण्याची ताकद दाखवली. लोक याला तळे समजतात. मैलोन् मैल मोकळ्या पाण्यावरून वळवाचा वारा येतो तेव्हा लाटा समुद्राची आठवण करून देतात.

अशा वाऱ्यात चालकाला बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवावे लागते. लाट चढताना थोडी रेस, उतरताना कमी, पुन्हा थोडी. दर काही क्षणांनी लिव्हर हलत असतो. शांत पाण्यात जड लिव्हर दोन हातांनी ओढून चालून जाते. वाऱ्यात दुसरा हात स्टिअरिंगवर हवा असतो, आणि नेमका तेव्हाच जड लिव्हर दगा देतो. म्हणून शांत दिवशी जाणवलेला जडपणा त्याच दिवशी गंभीरपणे घ्यावा.

घरातल्या माणसांनी काय बघावे

बोट चालवणारा एकच असतो, पण ती घराची असते. घरातले कुणीही, बाया-मुलेसुद्धा, महिन्यातून एकदा पुढच्या गोष्टी पाहू शकतात.

लिव्हर एका हाताने, न अडखळता सरकतो का? इंजिनचे झाकण उघडून केबलचे आवरण फुगले, चिरले किंवा उन्हाने कडक झाले आहे का? टोकाच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे डाग आहेत का? तो दांडा कापडाने पुसून त्यावर पाण्यात न धुपणारे मरीन ग्रीस बोटाने पातळ लावावे, आवरणाच्या आत काही सोडू नये. बोट काही दिवस उभी असेल तर आठवड्यातून एकदा कुणाला तरी पंखा फिरवायला लावून लिव्हर मागे-पुढे करावा आणि केबलीवर ऊन पडणार नाही असे झाकावे.

आणि लाल दोरी. ती खटक्याला लावून नुसती लोंबकळत ठेवण्यासाठी नसते. तिचे दुसरे टोक चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेले हवे. आमच्या त्या रविवारी ती दोरी मोकळीच लोंबत होती. चालक झटक्याने पडला असता तर ती उपटायलाही कुणी नव्हते. निघण्याआधी दोरी ओढून इंजिन खरोखर बंद पडते का, हे रोज पाहावे. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवे, बाकाखाली नव्हे.

बोटीत बसलेली माणसे चालकाकडे अमानत असतात. त्यांना केबल, पिन, चेकनट काही कळत नाही, कळण्याची गरजही नाही. ते विश्वासाने पाय टाकतात. तो विश्वास हप्त्यापेक्षा मोठा आहे, हे आता खालाही मान्य करतात.

जानेवारीत आठवीची मुले उजनीवर गेली. निघण्यापूर्वी आम्ही सगळ्यांना काठावर उभे केले. खालांच्या मुलाने इंजिन सुरू केले, मनगटाची लाल दोरी ओढून ते बंद करून दाखवले, मग पुन्हा सुरू केले. एका मुलीने विचारले, "टीचर, हे का करतात?" आम्ही म्हणालो, "आधी ते बघ. पक्षी नंतर."